‘उडी जड झालीय’ : खेळाडू आणि गेम बनवणारे यांच्या भांडणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत काही वर्षं माझं काम एवढंच होतं : खेळाडूंनी लिहिलेलं सगळं वाचायचं, गाळायचं आणि टीमपुढे ठेवायचं. त्याआधी आणि त्यानंतर मी निव्वळ खेळाडू. म्हणजे शिव्या देणाऱ्यांतही बसून झालंय आणि शिव्या वाचणाऱ्यांतही. खालचे प्रश्न मला दोन्हीकडचे लोक विचारतात. उत्तरं कुठे तिरकस वाटली तर तो स्वभावाचा दोष समजा.

डेव्हलपर खेळाडूंचं वाचतच नाहीत, हे खरं का?

वाचतात. मोठ्या स्टुडिओत त्यासाठी कम्युनिटी मॅनेजर, म्हणजे खेळाडूंशी बोलणारी माणसं, असतात. लहान स्टुडिओत प्रोग्रामर स्वतःच झोपण्याआधी रिव्ह्यू चाळतो आणि झोप घालवून बसतो.

घोडं पेंड खातं ते पुढे. वाचणारा माणूस आणि ठरवणारा माणूस बहुधा वेगळे असतात आणि दोघांच्या मध्ये एक यादी असते. त्या यादीत तुमची तक्रार ‘कंट्रोल्स : 43 उल्लेख’ अशी एका ओळीत बसते. कुणी कळकळीने दोन पानं लिहिलेली असतात, कुणी एकच शिवी हाणलेली असते. यादीत दोघांचं वजन सारखंच. शिवाय पुढच्या अपडेटमध्ये काय जाणार हे काही आठवडे आधीच ठरलेलं असतं, आणि कन्सोलवर पॅच (दुरुस्तीचं अपडेट) पाठवायचा तर प्लॅटफॉर्मवाल्यांची तपासणी वेगळी. आज ऐकलेलं दिसायला महिना-दीड महिना जातो. बाहेरून ते न ऐकल्यासारखंच दिसतं.

‘बिघडलंय’ म्हटलं की ‘आम्ही तिथे हातच लावलेला नाही’ असं उत्तर का येतं? खोटं बोलतात का?

बहुतेक वेळा नाही. आमच्याकडचीच गोष्ट सांगतो.

एक अपडेट गेलं आणि दुसऱ्या दिवसापासून एकच सूर लागला : ‘उडी जड झालीय.’ प्रोग्रामरने कोड उघडून दाखवला. उडीची उंची, गुरुत्वाकर्षण, वेग, एकाही आकड्याला धक्का नव्हता. तसं उत्तर मीच लिहिलं, अगदी सभ्य भाषेत. त्यावर जे पेटलं ते विचारू नका. ‘आम्हाला वेडे समजता का?’ हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य होतं.

चार दिवसांनी आमच्या टेस्टरने जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी लावली आणि दोन्हींचं रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. बटण दाबल्यापासून पात्राने जमीन सोडेपर्यंत दोन्हीकडे तेवढ्याच फ्रेम जात होत्या. फरक होता कॅमेऱ्यात. काही खेळाडूंना गरगरतं म्हणून आम्हीच त्याची हालचाल मऊ केली होती. आधी कॅमेरा पात्राला चिकटून असायचा, आता तो किंचित मागून यायचा. त्यामुळे उडीवरून खाली येताना पात्र पडद्याच्या तळाकडे झपकन जायचं आणि कॅमेरा त्याला नंतर गाठायचा. डोळ्यांना वाटायचं, धोंडा पडला.

म्हणजे उडी जड झाली नव्हती आणि तरी खेळाडूंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ते दुखणं सांगत होते, आम्ही कोड दाखवत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझ्या पाहण्यातली बरीचशी भांडणं याच जातीची निघाली.

मग खेळाडूंनी उपाय सुचवूच नयेत का?

सुचवा की. फक्त सुचवलेला उपाय जसाच्या तसा आला नाही म्हणून ऐकलं नाही असं धरू नका. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर यांचं मत प्रसिद्ध आहे : समस्या ओळखण्यात खेळाडू तरबेज असतात, ती सोडवण्यात नसतात. ऐकायला उद्धट वाटतं. पण पोटात कुठे दुखतंय हे रोग्याइतकं कुणालाच कळत नाही आणि तरी तो स्वतःचं ऑपरेशन करत नाही.

‘हेलो 3’ हा गोळीबाराचा गेम बनत असताना तो बनवणाऱ्या बंजीने आणि मायक्रोसॉफ्टने नवख्या खेळाडूंना प्रयोगशाळेत बसवून खेळताना पाहिलं. काही जणांच्या गोळ्या सारख्या संपत होत्या. त्यांना विचारलं असतं तर काय मागितलं असतं? जास्त गोळ्या. पण रेकॉर्डिंग पाहिल्यावर लक्षात आलं की शत्रू बंदुकीच्या टप्प्यात येण्याआधीच ते धडाधड गोळ्या झाडतायत. मग नेम धरायचं चिन्ह शत्रू टप्प्यात आल्यावरच लाल होईल असं केलं. एकही गोळी वाढवावी लागली नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. हे वाक्य डेव्हलपर ढालीसारखं वापरतात. ‘खेळाडूंना उपाय कळत नाहीत’ इथून सुरुवात होते आणि ‘खेळाडूंना काहीच कळत नाही’ इथे कधी पोचलो ते त्यांचं त्यांनाही समजत नाही. एकच गेम दोन-तीन हजार तास खेळलेला माणूस त्या गेमचे काही कोपरे बनवणाऱ्यांपेक्षा जास्त ओळखतो. बनवणाऱ्याला तेवढं खेळायला वेळ मिळालेलाच नसतो.

आवडती बंदूक किंवा पात्र नर्फ झालं, म्हणजे मुद्दाम कमजोर केलं, की एवढा भडका का उडतो? आकडा तर जरासाच बदलतो.

आकडा जरासाच असतो आणि तोच हाताला सगळ्यात आधी कळतो. बंजीचे डिझायनर जेमी ग्रीझमर यांनी 2010 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक अख्खं व्याख्यान एवढ्याच विषयावर दिलं की ‘हेलो 3’ मधल्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधलं अंतर 0.5 सेकंदांवरून 0.7 सेकंद का केलं. सेकंदाचे दोन दशांश!

तीन वर्षांनी, 2013 च्या जुलैत, ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स 2’ मध्ये डीएसआर 50 या रायफलचा गोळी झाडण्याचा वेळ 0.2 वरून 0.4 सेकंद झाला. पुन्हा दोनच दशांश. तो गेम बनवणाऱ्या ट्रेआर्कचे डिझायनर डेव्हिड वॉन्डरहार यांना त्यावरून जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. धमक्यांबद्दल पुढे वेगळं लिहिलंय. इथे मुद्दा एवढाच की 0.2 चं 0.4 होणं म्हणजे तो वेळ दुप्पट होणं. ज्याने त्या तालावर शेकडो तास हात बसवलाय त्याच्यासाठी ते नवीन हत्यारच झालं. बदल करणाऱ्याला तक्ता दिसतो, खेळणाऱ्याला आपली घालवलेली मेहनत.

मिळालेलं काढून घेतलं की माणूस चिडतो, आकडे तेच असले तरी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या चाचणीच्या काळात फार वेळ सलग खेळलं की अनुभव-गुण कमी मिळायला लागायचे. खेळाडूंना ही शिक्षा वाटली आणि त्यांनी ती हाणून पाडली. मग तो गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डने तीच गोष्ट उलटी मांडली : विश्रांती घेऊन आलात तर दुप्पट गुण, नंतर नेहमीचे. हिशोब जवळपास तोच आणि लोक खूश. हे वाचून ‘आम्हाला उल्लू बनवलं’ असं वाटलं तर मला त्यात फसवणूक दिसत नाही. नियम खेळाडूला कसा लागतो, हाही नियमाचाच भाग आहे.

पण नर्फ करायचंच कशाला? बाकीची हत्यारं वाढवा की!

थोडी वाढवतातही. पण दहा गोष्टी एकीच्या बरोबरीला आणायच्या तर दहा जागी नवीन बिघाड होतो. शत्रू पटापट मरायला लागतात, मग त्यांची ताकद वाढवावी लागते, आणि सहा महिन्यांत सगळे आकडे फुगून बसतात.

दुसरं कारण जास्त खोल आहे. ‘सिव्हिलायझेशन 4’ चे मुख्य डिझायनर सोरेन जॉन्सन यांनी लिहून ठेवलंय की संधी मिळाली तर खेळाडू गेममधली मजा हिशोब करून करून संपवतात. एकच बंदूक सगळ्यात भारी असेल तर सगळे तीच उचलतात, मग तीच वापरून कंटाळतात आणि म्हणतात गेम कंटाळवाणा झालाय. मीही हेच करतो. तरी नर्फ झाला की पहिल्या दिवशी मीही चरफडतो.

‘आमचा डेटा वेगळं सांगतो’ हे उत्तर कितपत खरं मानावं?

डेटा खोटा नसतो, अर्धा असतो. लोक रात्री अकराला गेम बंद करतात हे आलेखात दिसतं. वैतागून का झोप आली म्हणून, ते दिसत नाही. एखाद्या पात्राचा जिंकण्याचा दर बरोबर 50 टक्के असला तरी त्याच्याविरुद्ध खेळणं हा छळ असू शकतो. तेच हत्यार नवख्यांच्या सामन्यात कत्तल करतं आणि पट्टीच्या खेळाडूंपुढे खेळण्यातलं ठरतं. सरासरी काढली की दोन्ही गायब.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘डायब्लो 3’. गेममधल्या वस्तू खऱ्या पैशांत विकायचं लिलावघर त्यात होतं. वापर भरपूर. कुठल्याही आलेखात ते यशस्वीच दिसलं असतं. पण राक्षस मारून लूट मिळवणं हा त्या गेमचा जीव, आणि हवी ती वस्तू बाजारात मिळायला लागल्यावर राक्षस मारायचं कारणच उरेना. ब्लिझर्डने हेच कारण देऊन 18 मार्च 2014 रोजी ते लिलावघर बंद केलं. लोक एखादी गोष्ट वापरतात म्हणजे ती त्यांना सुखी करते असं नाही.

त्याच कंपनीचा दुसरा किस्सा. 2013 मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चं जुनं रूप परत आणणार का, असं एका चाहत्याने भर कार्यक्रमात विचारलं. जे. अ‍ॅलन ब्रॅक या ब्लिझर्डच्या अधिकाऱ्यांनी त्याला सांगितलं की तुम्हाला हवंय असं वाटतंय, पण तसं नाहीये. 2016 मध्ये त्या जुन्या रूपावर चालणारा नोस्टॅल्रियस हा चाहत्यांचा सर्व्हर बंद पाडला गेला आणि दोन लाखांहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या. पुढच्याच वर्षी जुन्या रूपाची घोषणा मंचावरून करायला उभे राहिले तेच ब्रॅक, आणि ऑगस्ट 2019 मध्ये ‘क्लासिक’ आलं तेव्हा सर्व्हरबाहेर रांगा लागल्या. जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिच्याबद्दल कुठलाच डेटा काही सांगू शकत नव्हता.

जे लिहितात ते सगळ्या खेळाडूंच्या वतीने बोलतात का?

नाही. बहुसंख्य लोक आयुष्यात एकदाही काही लिहीत नाहीत. आवडलं तर खेळतात, नाही तर काढून टाकतात. पण म्हणून लिहिणाऱ्यांना ‘मूठभर बोंबलणारे’ म्हणून झटकणं मूर्खपणाचं आहे. ते बहुधा सगळ्यात जास्त खेळणारे असतात आणि गळतीची बातमी तेच आधी देतात.

90 टक्के लागणार असं दाखवून नेम चुकतो. गेम लबाडी करतो का?

करतो, पण बरेचदा तुमच्या बाजूने. दहात एकदा चुकणं हे 90 टक्क्यांचं प्रामाणिक वागणं झालं. आपल्या मनाला मात्र 90 म्हणजे ‘लागणारच’ असं वाटतं. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेचे जनक सिड मायर यांनी 2010 च्या आपल्या व्याख्यानात हेच सांगितलं : तीनास एक अशी बाजू वरचढ असताना लढाई हरली की खेळाडू गणितावर नाही, गेमवर चिडतात.

म्हणून ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतल्या 2002 च्या गेमपासून एक युक्ती आली. एकाऐवजी दोन आकडे काढायचे आणि त्यांची सरासरी धरायची. त्यामुळे पडद्यावरचे 90 टक्के प्रत्यक्षात सुमारे 98 होतात आणि 10 टक्के सुमारे 2 होतात. 2012 च्या ‘एक्सकॉम’मध्येही सोप्या पातळ्यांवर लागोपाठ नेम चुकले की गुपचूप मदत मिळते. इतकं करूनही ‘एक्सकॉम’च्या नेमाबद्दलचे विनोद थांबलेले नाहीत. अभिप्राय शब्दशः घेऊन ‘गणित दुरुस्त करा’ असं ठरवलं असतं तर लोक आणखी चिडले असते. खरं गणित त्यांना नकोच होतं.

पैशांच्या बाबतीत कुणाची बाजू बरोबर?

इथे मी सरळ खेळाडूंच्या बाजूने आहे. बॅलन्सच्या, म्हणजे हत्यारं-पात्रं तुल्यबळ ठेवण्याच्या, भांडणात दोघंही प्रामाणिक असू शकतात. पैशांच्या भांडणात एक बाजू बहुधा ‘डिझाइन’ हा शब्द पडद्यासारखा वापरत असते.

नोव्हेंबर 2017, ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’. डार्थ व्हेडर खेळायला मिळावा म्हणून 60,000 क्रेडिट (गेममधलं चलन) जमवायचे होते. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेममध्ये! गेम काढणाऱ्या ईए कंपनीने रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर खुलासा केला की हिरो मिळवल्यावर अभिमान आणि कर्तृत्वाची भावना यावी हा हेतू आहे. त्या खुलाशाला साडेसहा लाखांहून जास्त डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. मग किंमत 60,000 वरून 15,000 वर आणली. टाळ्या वाजायच्या आतच लोकांनी शोधून काढलं की कथेचा भाग पूर्ण केल्यावर मिळणारं बक्षीसही 20,000 वरून 5,000 झालंय. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. शेवटी गेम बाजारात यायच्या तोंडावर खरे पैसे देऊन होणारी खरेदीच बंद करावी लागली. पुढच्या एप्रिलमध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही गेममधले लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल हे न कळता विकत घ्यायचे डबे, जुगाराच्या कायद्यात बसतात असं जाहीर केलं.

तेव्हा एखादी कंपनी कंटाळवाण्या ग्राइंडला, म्हणजे तेच तेच करत राहण्याला, ‘प्रवास’ म्हणायला लागली आणि तो प्रवास टाळायचं तिकीटही तीच विकत असली, तर तुमचा संशय योग्य आहे.

रिव्ह्यू-बॉम्बिंग करणं, म्हणजे एकगठ्ठा वाईट रिव्ह्यू टाकणं, बरोबर आहे का?

कशासाठी करताय त्यावर आहे. मे 2024 मध्ये ‘हेलडायव्हर्स 2’ च्या पीसीवरच्या खेळाडूंना सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडणं सक्तीचं होणार असं जाहीर झालं. ज्या देशांत ते खातं उघडताच येत नाही तिथेही गेम आधीच विकला गेला होता. तीन-चार दिवसांत दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि सोनीने निर्णय मागे घेतला. यात मला काहीच वावगं दिसत नाही. ग्राहकाच्या हातात दुसरं असतं काय?

खंत एवढीच की निर्णय पब्लिशरचा, म्हणजे सोनीचा, आणि मार अ‍ॅरोहेड या स्टुडिओच्या गेमवर. अ‍ॅरोहेडच्या प्रमुखांनी त्यातला आपला वाटा मोकळेपणाने मान्य केला, पण हिटबॉक्स (मार कुठे लागला हे ठरवणारी अदृश्य चौकट) नीट करणाऱ्या प्रोग्रामरचा त्यात काय दोष?

उलट गेम न खेळताच, कुणी काय बोललं म्हणून किंवा पात्र कोण आहे म्हणून शून्य गुण देणं ही निव्वळ झुंडशाही. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ जून 2020 मध्ये बाजारात आला आणि पूर्ण करायला वीसेक तास लागणाऱ्या त्या गेमवर पहिल्या काही तासांतच हजारो शून्यं पडली. त्यानंतर रिव्ह्यू गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाने नव्या गेमवर वापरकर्त्यांचे रिव्ह्यू पहिले 36 तास बंद ठेवायला सुरुवात केली. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने 2017 पासून रिव्ह्यूंचा कालानुसार आलेख दाखवला आणि 2019 पासून विषयाबाहेरची लाट गुणांतून वगळायला सुरुवात केली. विषयाबाहेरचं काय हे ठरवणार मात्र दुकानदारच, हे लक्षात असू द्या.

बहुमताने गेम बनवता येतो का?

काही अंशी येतो. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ 2013 मध्ये खेळाडूंच्या मतदानातूनच जन्माला आला आणि त्यात नवीन काही आणायचं तर मतदान होतं. सुरुवातीला 75 टक्के मतं लागायची, पुढे मर्यादा 70 वर आणली. विश्वास टिकतो हा मोठा फायदा. तोटा असा की ज्याला ज्यातून फायदा तो त्याच्या विरोधात मत देत नाही, आणि मोडलेली पण लाडकी गोष्ट दुरुस्त करणं जड जातं.

‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या गेमची वाट वेगळी. तिथे 2008 पासून खेळाडूंनी निवडून दिलेलं मंडळ आहे. 2011 मध्ये कंपनीने गेममध्ये साठ डॉलरहून महाग एकडोळी चष्मा विकायला काढला. खेळाडूंनी आपली जहाजं जिता या बाजारपेठेत नेली आणि तिथल्या स्मारकावर गोळीबार सुरू ठेवला. मंडळाला तातडीने आइसलँडला बोलवावं लागलं आणि पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. निषेधाची यापेक्षा देखणी तऱ्हा मी पाहिलेली नाही.

कथेचा शेवट आवडला नाही तर तो बदलून मागावा का?

नावडला म्हणावं, बदलून मागू नये असं माझं मत. मार्च 2012 मध्ये ‘मास इफेक्ट 3’ च्या शेवटावरून रान उठलं तेव्हा बायोवेअरने जूनमध्ये वाढीव शेवट फुकट दिला. मूळ शेवट फारसा बदलला नाही, मुख्यतः खुलासा जास्त केला. खेळाडूंची खरी तक्रार ‘तीन गेमभर आमच्या निवडींना महत्त्व आहे सांगितलंत, मग शेवटी ते कुठे गेलं?’ ही होती, आणि ती दिलेल्या शब्दाबद्दलची तक्रार होती. ती रास्तच. कथेच्या बाबतीत मात्र ऐकावे जनाचे, करावे मनाचे.

अवघड गेममध्ये सोपा मोड मागणं चुकीचं आहे का?

नाही. ‘सेलेस्ट’ हा 2018 चा अतिशय अवघड गेम. त्यात वेग कमी करण्यापासून अमर होण्यापर्यंत सगळं मेनूत दिलंय आणि गेम तरी अवघडच राहिला. एखाद्या स्टुडिओला ते द्यायचं नसेल तर तोही त्यांचा हक्क. यावर वर्षानुवर्षं का भांडतात ते मला समजत नाही.

फसलेला गेम नंतर सुधारला तर माफ करावं का?

‘नो मॅन्स स्काय’ ऑगस्ट 2016 मध्ये आला तेव्हा त्यात आधी सांगितलेल्या कितीतरी गोष्टी नव्हत्या. तो बनवणाऱ्या हेलो गेम्स या स्टुडिओने बोलणं जवळजवळ बंद केलं आणि काम सुरू ठेवलं. अपडेटमागून अपडेट आलं, सगळं फुकट. ‘फायनल फँटसी 14’ 2010 मध्ये इतका वाईट आला की नवे प्रमुख नाओकी योशिदा यांनी 2012 मध्ये गेममधल्या आकाशातला चंद्र पाडून जुनं जग संपवलं आणि 2013 मध्ये नवं उभं केलं. ‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये आठवडाभरातच प्लेस्टेशनच्या दुकानातून काढला गेला. तो सहा महिन्यांनी परत आला आणि नीट झाला 2023 पर्यंत.

या कथा सांगायला गोड आहेत. पण ‘अँथम’ही आठवा. 2019 मध्ये आला, दुरुस्तीचं वचन मिळालं आणि 2021 मध्ये ते काम रद्द झालं. म्हणून माफ जरूर करा, पण पुढचा गेम आधीच पैसे भरून घेऊ नका. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिण्यात कमीपणा नाही.

रागाच्या भरात कुणी धमकी दिली तर तो ‘अभिप्राय’ समजावा का?

नाही. यात ‘पण’ नाही. एका कर्मचाऱ्याला आणि त्याच्या पत्नीला छळणाऱ्या खेळाडूवर बंजीने खटला भरला आणि 2023 मध्ये न्यायालयाने सुमारे 4 लाख 89 हजार डॉलर भरपाई द्यायला लावली. आमच्याकडे असा एक निरोप आला होता. त्यानंतर आमच्या डिझायनरने खेळाडूंचं काहीही वाचणं सोडलं. त्या माणसामुळे बाकी सगळ्यांचा आवाज गेला, आणि त्याला ते कधी कळणारही नाही.

उपयोगी अभिप्राय कसा लिहावा?

आम्हाला एकाच बॉसबद्दल (म्हणजे मोठ्या शत्रूबद्दल) आलेले दोन निरोप सांगतो. पहिला : ‘हा बॉस कचरा आहे, ज्याने बनवला त्याने कधी गेम खेळलाय का?’ दुसरा : ‘तिसऱ्या टप्प्यात तो डावीकडून झेप घेतो तेव्हा मला दिसतच नाही. खांब मध्ये येतो. अकरा वेळा मेलो, त्यातले आठ वेळा तिथेच.’ पहिल्याचा राग कमी नव्हता आणि खोटाही नव्हता, पण त्यावरून उठून काही करता येईना. दुसरा वाचून आमच्या डिझायनरने त्याच दुपारी खांब दोन हात मागे सरकवला.

काय करत होतात, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा. कशावर खेळता तेही सांगा : कंट्रोलर की माउस, फोन की पीसी. वाटलं ते ‘मला वाटलं’ म्हणूनच लिहा, त्याला ‘सगळ्यांना वाटतं’ करू नका. उपाय सुचला तर शेवटी टाका. शिवी घालायचीच असेल तर तीही शेवटी.

आणि स्टुडिओने काय करावं?

पॅच नोट्समध्ये, म्हणजे अपडेटबरोबरच्या बदलांच्या यादीत, बदलाबरोबर कारण लिहावं. ‘नुकसान 40 वरून 36’ एवढंच लिहिलं की वाचणारा कारण स्वतः रचतो, आणि तो जे रचतो ते नेहमी खऱ्या कारणापेक्षा वाईट असतं. चूक झाली तर पहिल्या दोन दिवसांत कबूल करावी, नाहीतर माफी म्हणजे वरातीमागून घोडं. आणि कम्युनिटी मॅनेजरला पुढे करून आपण मागे लपू नये. ज्याने ठरवलं त्याच्या तोंडून ऐकलेलं लोक निम्म्या रागाने ऐकतात.

अभिप्राय पाठवला, उत्तर आलं नाही. वाचला असेल का?

बहुधा हो. पुढच्या दोन-तीन पॅच नोट्स बारकाईने बघा. आमच्या त्या उडीची दुरुस्ती ‘खाली येताना कॅमेरा आता पात्राबरोबर सरकतो, गरगरणाऱ्यांसाठी मऊ हालचालीचा पर्याय सेटिंगमध्ये ठेवला आहे’ अशा एका ओळीत गेली. ज्याने पहिल्या दिवशी तक्रार केली होती त्याला मी वेगळं कळवलं नाही. कळवायला हवं होतं. आठवड्याभराने त्याचाच निरोप आला, दोन शब्दांचा : ‘आता बरीय.’